तुलना न्याय्य हवी: पहिल्या प्रयोगाची आखणी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक मांडणी हमखास दिसते. टेबलावर दोन कुंड्या ठेवलेल्या असतात. गांडूळखत घातलेल्या कुंडीतली मेथी हिरवीगार, नुसत्या मातीतली खुरटलेली. मागे कार्डशीटवर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष ही पाच शीर्षके सुबक अक्षरात लिहिलेली असतात आणि शेवटी 'गांडूळखतामुळे मेथीची वाढ चांगली होते' असे ठळक वाक्य. हे वाक्य खरे असेलही, पण ते त्या दोन कुंड्यांवरून सिद्ध होत नाही. एक कुंडी खिडकीच्या जवळ असेल, तिला सकाळचे ऊन तासभर जास्त मिळाले असेल. एकीत पडलेले बियाणे मुळातच कसदार असेल. जिच्यावर आपली आशा आहे तिला पाणी जरा जास्त आठवणीने घातले गेले असेल. यातल्या कोणत्याही कारणाने एक मेथी उंच आणि दुसरी खुजी होऊ शकते, आणि नुसत्या कुंड्या पाहून खरे कारण कोणते हे जगातला कोणताही वनस्पतिशास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी, डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतल्या प्रकल्पासाठी किंवा बालविज्ञान परिषदेसाठी पहिल्यांदाच प्रयोग करायला निघालेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. त्यात सांगायचे आहे ते एवढेच, की प्रयोगाचे मोल पहिली बी पेरण्याआधी ठरते. तुलना कशी आखली यावर ते ठरते. उपकरणे, आलेख आणि सूत्रे त्यानंतर येतात.

हे पटवून घ्यायला मुंबईचाच इतिहास उपयोगी पडेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. वॉल्डेमार हाफकिन हे जीवाणुशास्त्रज्ञ त्या वर्षी ऑक्टोबरात इथे आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगवरची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली. हे धाडस मोठेच होते. पण त्यातून फार तर एवढे कळले, की लस टोचल्यावर माणूस जगतो. तिच्यामुळे प्लेग टळतो का, हा प्रश्न तिथेच राहिला, कारण हाफकिन यांना लस न घेताही प्लेग झाला नसता अशी शक्यता होतीच. एका माणसावरच्या अनुभवातून, तो कितीही थरारक असला तरी, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी दोन गट लागतात.

ती संधी त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात आली. तिथे प्लेग शिरला होता. ज्या कैद्यांनी तयारी दाखवली त्यांना लस टोचली आणि बाकीचे तसेच राहिले. पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्या जवळपास दीडशे जणांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. एकाच इमारतीत राहणारी, एकच अन्न खाणारी, एकाच पहाऱ्यात असलेली ही माणसे होती, त्यामुळे ही तुलना बरीच चांगली म्हणावी लागते. तरीही चिकित्सक वाचकाने इथे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला असा, की लस घ्यायला पुढे आलेली माणसे आणि मागे राहिलेली माणसे एकसारखी होती का? पुढे येणारे कदाचित तरुण असतील, धडधाकट असतील. मागे राहिलेले आधीच अशक्त असतील. मग फरक लशीचा की माणसांचा? दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे. लस टोचली त्याच दिवशी ज्यांना आजार उमटला त्यांना मोजणीतून वगळले होते. यामागचा विचार समजण्यासारखा आहे, कारण त्यांच्या अंगात प्लेग आधीच भिनलेला होता आणि इतक्या कमी वेळात लस काही करू शकत नव्हती. पण असा नियम आधी ठरवलेला असावा लागतो आणि दोन्ही गटांना सारखाच लागू करावा लागतो. निकाल पाहून मग कोणाला वगळायचे हे ठरवायची मुभा एकदा घेतली, की हवा तो निष्कर्ष काढता येतो, आणि तसे करणारा माणूस बेईमान असायलाही लागत नाही.

पुढच्याच वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, बडोद्याजवळच्या उंधेरा या गावात झालेली चाचणी म्हणूनच मला भायखळ्यापेक्षा मोलाची वाटते. तिथे लस द्यायची ती घरटी निम्म्या माणसांना, असे ठरले. प्रत्येक कुटुंबातल्या काहींना लस टोचली, काहींना नाही. या एका निर्णयाने काय साधले ते पाहा. एका घरातली माणसे त्याच छपराखाली झोपतात, त्याच विहिरीचे पाणी पितात, त्यांच्या घरात उंदीर आणि पिसवा यांचा उपद्रवही सारखाच असतो. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो ही गोष्ट त्या वेळी सर्वमान्य झालेली नव्हती. म्हणजे ज्या कारणाची प्रयोग करणाऱ्यांना नीट कल्पनाही नव्हती, ते कारणसुद्धा या आखणीने दोन्ही बाजूंना जवळपास सारखे वाटून टाकले. ज्या २८ कुटुंबांत पुढे प्लेग शिरला, त्यांत लस न घेतलेले ६४ जण होते. त्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मरण पावले. त्याच घरांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मरण पावले. लस निरुपयोगी असती, तर न घेतलेल्यांच्या प्रमाणात या ७१ जणांपैकी सुमारे २९ जण दगावायला हवे होते. २९ आणि ३ या दोन आकड्यांमधले अंतर घराच्या, पाण्याच्या किंवा वस्तीच्या फरकावर ढकलता येत नाही, कारण तो फरक आखणीतच मिटवलेला होता.

या टप्प्यावर एक आक्षेप येतो आणि तो डावलण्यासारखा नाही. समोर माणसे मरत असताना अर्ध्यांना लस न देता मागे ठेवणे हा न्याय म्हणायचा का? कैद्याने दाखवलेली तयारी खरी तयारी मानावी का? आजच्या नियमांनुसार अशा चाचणीला नीतिविषयक समितीची मंजुरी आणि प्रत्येक माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि तुरुंगातल्या माणसांबाबत तर हे निकष आणखी कडक आहेत. ते तसेच असले पाहिजेत. मात्र आक्षेपाच्या मुळाशी 'लस गुणकारी आहे हे ठाऊक असूनही दिली नाही' असे एक गृहीत लपलेले असते, आणि तेच तर त्या दिवशी कोणालाही ठाऊक नव्हते. तुलनाच न करता सगळ्यांना टोचली असती आणि ती निरुपयोगी किंवा घातक निघाली असती, तर ते कळायलाही वाव राहिला नसता. विद्यार्थ्यांनी यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. माणसांवर, लहान भावंडांवर किंवा प्राण्यांवर आपल्या मनाने प्रयोग करू नका, खाण्यापिण्याचे आणि औषधाचे तर मुळीच नको. बिया, माती, पाणी, कापड, कागद, ऊन एवढ्या साहित्यात आयुष्यभर पुरतील इतके प्रश्न आहेत.

आता मेथीकडे येऊ. 'गांडूळखत चांगले का?' हा प्रश्न प्रयोगाला देता येत नाही. चांगले म्हणजे काय, कशापेक्षा, किती घातल्यावर, किती दिवसांनी, यातले काहीच त्यात नाही. 'चार भाग मातीत एक भाग गांडूळखत मिसळले, तर पेरणीनंतर २१ व्या दिवशी मेथीच्या रोपांची उंची नुसत्या मातीतल्या रोपांपेक्षा जास्त भरते का?' हा प्रश्न प्रयोगाला देता येतो, कारण याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते आणि ते आले तर आपल्याला ओळखता येईल. गृहीतक म्हणतात ते हेच. ते धाडसी नसले तरी चालेल, पण ते चुकीचे ठरण्याची वाट मोकळी हवी. इथे थोडे थांबून तुलनेच्या बाजूचाही विचार करा. गांडूळखत घातल्याने मातीत अन्नद्रव्ये वाढतात, आणि त्याबरोबर माती भुसभुशीतही होते. मग रोप वाढले ते अन्नद्रव्यांमुळे की मुळांना मोकळी जागा मिळाल्यामुळे? हे वेगळे काढायचे असेल, तर तुलनेच्या मातीत तेवढ्याच मापाचे कोकोपीट मिसळावे लागेल, कारण त्याने माती मोकळी होते पण तिचा कस फारसा वाढत नाही. कशाशी तुलना करता यावर निष्कर्षातले वाक्य ठरते. नुसत्या मातीशी तुलना केली, तर 'खत घातल्याने' एवढेच म्हणता येते. 'खतातल्या अन्नद्रव्यांमुळे' असे म्हणायचा अधिकार त्या तुलनेने मिळत नाही.

मग येतो कुंड्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त प्रकल्प इथे घसरतात. एका मोठ्या कुंडीत ५० बिया आणि दुसऱ्या मोठ्या कुंडीत ५० बिया पेरल्या, म्हणजे १०० रोपांवर प्रयोग झाला असे विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात तो प्रयोग दोन कुंड्यांवर झालेला असतो. एका कुंडीतली पन्नासही रोपे तीच माती, तेच पाणी आणि तोच कोपरा वाटून घेतात. त्या कुंडीच्या तळाचे भोक बुजले, तर पन्नासही रोपे एकदम पिवळी पडतात. म्हणून दोन मोठ्या कुंड्यांऐवजी २० लहान सारखे कप घ्या. प्रत्येकाच्या तळाला सारखी भोके पाडा आणि त्यांच्या १० जोड्या लावा. जोडीतले दोन कप शेजारी शेजारी राहतील. एक जोडी खिडकीशी, एक भिंतीशी, एक गॅलरीच्या टोकाला अशी ठेवली तरी हरकत नाही, कारण जोडीतल्या दोघांना ऊन जवळपास सारखेच मिळणार. उंधेऱ्यात कुटुंबाने जे केले तेच इथे जोडी करते. जोडीतल्या कोणत्या कपात खत घालायचे हे मात्र तुम्ही ठरवायचे नाही. नाणे उडवा. छापा पडला तर डावा कप, काटा पडला तर उजवा. 'मी निःपक्षपातीपणे निवडीन की' असे कोणाला वाटेल. पण उजवा हात सवयीने जवळच्या कपाकडे जातो, आणि जवळचा कप म्हणजे कदाचित जास्त उजेडाचा कप असतो. आपल्या लक्षात न येणाऱ्या अशाच ओढी नाणे उडवल्याने निष्प्रभ होतात. नाण्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे, तो निकाल वाचताना समजेल.

पुढचे तीन आठवडे शिस्त लागते ती हाताची. माती एकाच ढिगातली घ्या, चाळून आणि एकत्र कालवून. बियाणे एकाच पाकिटातले. पाणी चहाच्या चमच्याने किंवा औषधाच्या मापाने मोजून, सगळ्या कपांना सारखे आणि ठरलेल्या वेळी. प्रत्येक कपात पाच बिया टाकल्या आणि नंतर तीनच रोपे ठेवायची असतील, तर कोणती उपटायची? इथे हात सहज लबाडी करतो. खताच्या कपातले मरतुकडे रोप उपटावेसे वाटते आणि साध्या कपातले तसेच राहते. म्हणून नियम आधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ, कपाच्या मध्याला सर्वांत जवळची तीन रोपे राहतील, मग ती कशीही असोत. उंची मोजायची ती मातीच्या पृष्ठभागापासून सर्वांत वरच्या पानाच्या देठापर्यंत की पान उभे करून टोकापर्यंत, हेही आधीच ठरवा. तीन रोपांची सरासरी काढली, की प्रत्येक कपाचा एक आकडा मिळतो. मोजणाऱ्याला कोणता कप खताचा आहे हे कळू नये, अशी सोय करता आली तर फारच उत्तम. मैत्रिणीने कपांवर नुसते १ ते २० क्रमांक टाकावेत आणि कोणत्या क्रमांकात काय आहे त्याची यादी लिफाफ्यात बंद ठेवावी. अडचण एकच, खताची माती रंगाने काळपट दिसते आणि गुपित फुटते. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या वीस कपांवर बारीक वाळूचा बोटभर थर पसरायचा. असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या युक्त्यांतच प्रयोगाचा प्रामाणिकपणा असतो. मुख्य प्रयोगाआधी चार कपांवर रंगीत तालीम करून घ्या. भोके फार मोठी झाली, पाणी जास्त झाले, चिमण्यांनी कोंब खुडले, हे सगळे तेव्हाच कळते.

माहिती लपवून ठेवण्याचे आणि कसोटी आधी ठरवण्याचे महत्त्व किती आहे, याचे एक लखलखीत उदाहरण पुण्यात घडले. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी आखली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवण्यात आल्या. चाचणीत सहभागी होणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० पत्रिका यदृच्छेने निवडून पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. उत्तरांची किल्ली अशा रीतीने राखली होती, की ज्योतिष्यांशी व्यवहार करणाऱ्यालाही नजरचुकीने सूचना देता येऊ नये. किती उत्तरे बरोबर आली म्हणजे यश मानायचे हेही आधीच जाहीर झालेले होते. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर निघाली आणि सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४ ची होती. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. या चाचणीत कोणी ग्रह हलवले नाहीत, कोणाच्या जन्मवेळा बदलल्या नाहीत. 'खगोलशास्त्रात किंवा भूशास्त्रात प्रयोग करताच येत नाही, मग ही पद्धत तिथे लागू कशी?' असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. वस्तू हाताने बदलता आली नाही, तरी काय घडले तर आपले म्हणणे खोटे मानायचे हे आधी सांगता येते, आणि मग पाहता येते.

आता २१ वा दिवस. लिफाफा उघडा आणि प्रत्येक जोडीत कोण उंच ते पाहा. समजा, दहापैकी सात जोड्यांत खताचा कप जिंकला. उत्साहाने निष्कर्ष लिहायला बसण्याआधी दहा नाणी मुठीत घेऊन उडवा. खताने काहीच होत नसेल, तर जोडीतला कोणता कप उंच ठरणार हे नाणेफेकीइतकेच नशिबावर राहते, कारण खताची जागाच आपण नाण्याने ठरवली होती. नाण्याचा दुसरा उपयोग म्हणालो तो हा. दहा नाणी पडण्याच्या एकूण १,०२४ रीती आहेत. त्यांतल्या १७६ रीतींत सात किंवा जास्त छापे येतात. म्हणजे निव्वळ योगायोगानेही साधारण सहापैकी एका वेळी असा निकाल लागेल. एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. आठ किंवा जास्त येण्याच्या रीती ५६, म्हणजे साडेपाच टक्के. नऊ किंवा जास्त येण्याच्या ११, म्हणजे जेमतेम एक टक्का. दहाही जोड्यांत खत जिंकले, तर योगायोगाची शक्यता १,०२४ त एक. किती जोड्या जिंकल्या तर मान्य करायचे हे पेरणीच्या दिवशीच वहीत लिहा, नऊ म्हणालात तर नऊ. आठ आल्यावर 'आठही चालतील' असे म्हणू नका. आठ आले तर सरळ लिहा, की कल दिसतो पण पुरावा कमी आहे, आणि पुन्हा वीस जोड्या लावा. गणिताची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यालाही हे दहा नाण्यांचे तंत्र समजते. आठवीतल्या मुलांना पाठ केलेल्या सूत्रापेक्षा ते अधिक शिकवेल याची मला खात्री आहे.

'इतक्या थोड्या कपांवरून काय सिद्ध होणार?' असे कोणी विचारेल. उत्तर परिणामाच्या आकारावर अवलंबून आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या फक्त १२ खलाशांना दोन-दोनच्या सहा जोड्यांत विभागले. रोजचे जेवण सगळ्यांना एकच ठेवले आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे थोड्याच दिवसांत उठून उभे राहिले. परिणाम इतका ढळढळीत होता, की बारा माणसांतही दिसला. खताने रोप दुप्पट वाढत असेल, तर दहा जोड्या पुरतात. ते पाच टक्क्यांनीच जास्त वाढत असेल, तर दहा जोड्यांत ते दिसणार नाही, आणि मग 'खताचा उपयोग होत नाही' असे लिहिणे चूक ठरेल. 'एवढ्या प्रयोगात फरक आढळला नाही' हे वाक्य बरोबर आहे. या दोन वाक्यांतले अंतर जपणारा विद्यार्थी पुढे कोणत्याही क्षेत्रात गेला तरी त्याच्या शब्दावर विसंबता येईल.

पाठ्यपुस्तकातला एक नियम मात्र मला जसाच्या तसा मान्य नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, असे सगळीकडे सांगितले जाते. पहिल्या प्रयोगासाठी ते ठीक आहे. पण इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेतीसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी १९२६ मध्येच दाखवून दिले, की निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा हा आग्रह महागात पडतो. तेच २० कप घ्या. त्यांतल्या पाचांत खत आणि रोज पाणी, पाचांत खत आणि दिवसाआड पाणी, पाचांत नुसती माती आणि रोज पाणी, उरलेल्या पाचांत नुसती माती आणि दिवसाआड पाणी, अशी वाटणी करा. जोड्यांऐवजी चार-चारच्या पाच चौकड्या होतील आणि चौकडीतल्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. खताच्या तुलनेसाठी अजूनही दहा विरुद्ध दहा कप आहेत आणि पाण्याच्या तुलनेसाठीही दहा विरुद्ध दहा. एकाच खर्चात दोन प्रश्न झाले. शिवाय तिसरे उत्तर मिळते, जे सुट्या प्रयोगांतून मिळालेच नसते. गांडूळखत ओल धरून ठेवते, त्यामुळे पाणी कमी पडणाऱ्या कपांत त्याचा फायदा जास्त दिसतो का, हे इथे कळू शकते. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला नेमका हाच प्रश्न पडलेला असतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ही आखणी जरूर करून पाहावी.

प्रत्यक्षातले शास्त्रज्ञ पाठ्यपुस्तकातल्या पाच पायऱ्यांनी चालत नाहीत, असाही आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन दिसले ते बुरशी आलेल्या एका बशीत, ध्यानीमनी नसताना. कल्पना कुठूनही येवो, अर्धवट झोपेतून येवो. पण १९४० मध्ये ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांनी जे केले ते पाहा. आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंचा सारखा डोस दिला आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. सकाळपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते आणि औषध मिळालेले जिवंत होते. कल्पना सुचण्याची वाट वेडीवाकडी होती, पण ती तपासण्याची वाट सरळ होती. प्रकल्पाच्या वहीत तुम्हीही आपली वाट खरी लिहा. सुरुवातीला प्रश्न दुसराच होता, मग बदलला, असे घडले असेल तर तेच लिहावे. मागाहून सगळे पाच शीर्षकांत चापूनचोपून बसवण्याची गरज नाही.

वहीबद्दल थोडे. ती पेनने लिहा, पेन्सिलीने नको. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका, त्यावर एकच रेघ मारा म्हणजे खालचा आकडा वाचता येईल. रोज तारीख टाका, त्या दिवशी ढगाळ होते का, पाणी घालायला कोण होते, तेही लिहा. प्रदर्शनाच्या तक्त्यावर सरासरीचा आलेख लावाच, पण शेजारी वीसही कपांचे मूळ आकडे द्या. एखादी जोडी मांजराने पाडली असेल किंवा एका कपातले एकही बी उगवले नसेल, तर ती जोडी का धरली नाही ते त्याच तक्त्यात लिहा. बी न उगवणे हा खताचाच परिणाम असू शकतो, ताज्या किंवा जास्त खताने कोवळे कोंब जळतात, म्हणून न उगवलेल्या कपांची गणती वेगळ्या रकान्यात दाखवलेली बरी. परीक्षण करणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. दोन टवटवीत कुंड्यांपुढे उभे राहिल्यावर 'निष्कर्ष काय निघाला?' हे शेवटी विचारा. आधी 'कोणत्या कपात खत घालायचे हे कसे ठरवले?' असे विचारा, आणि ज्या गटाने नाणे उडवले, दहापैकी सहाच जोड्या जिंकल्या आणि तक्त्यावर तसे प्रामाणिकपणे लिहिले, त्या गटाला गुण देताना हात आखडता घेऊ नका.